फळीपलीकडचं रामेन

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज पुन्हा ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. दार पुरतं लावत नाहीत, नुसतं लोटून घेतात. म्हणजे मला 'दार लावून घेतलं' असं म्हणून भांडायचीही सोय नाही. मी टेबलाशी एकटी. समोर त्यांची खुर्ची, खुर्चीवर त्यांचं जाकीट. जाकिटाशी किती वेळ बोलणार? म्हणून ही वही काढली.

आधी सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे निदान मला तरी उमगेल. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी हे दाढी करायला आरशासमोर उभे राहिले, तर डावा गाल खाली आलेला. दवाखान्यात म्हणाले, घाबरू नका, अर्धांगाचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू बरं होईल. झालंही. डोळा मिटायला लागला, भुवई उचलते, शीळ सोडून सगळं जमतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायलाही परत जायला लागले. फक्त ओठांचा डावा कोपरा अजून आळशी आहे. घास घेतला की तिथून थोडं निसटतं आणि यांना ते कळत नाही.

पण मी आहे ना. आजारपणापासून मी जेवायला यांच्या अगदी समोर बसते. हाताशी मऊ फडकं. नजर हलू देत नाही. जरा काही ओघळलं की यांच्याआधी माझा हात तिथे पोचतो. ड्राय क्लीनिंगच्या दुकानात इतकी वर्षं काउंटरवर काढली आहेत, डाग पडायच्या आधीच मला दिसतो. एवढं कोण करतं कुणाचं? आणि त्यावर हा माणूस ताट घेऊन आत जातो. पहिल्यांदा म्हणाले, डोकं दुखतंय. मग म्हणाले, दिव्याचा उजेड टोचतो. आता कारणही देत नाहीत. विचारलं तर "काही नाही गं." ताकास तूर लागू देतील तर शपथ.

रविवार, ५ ऑक्टोबर

वन्सं आल्या होत्या, केक घेऊन. नणंद म्हणून वाईट नाही, पण आपल्या दादाला मी नीट ठेवते की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. हे सुरुवातीला छान खुलले होते. वन्संनी लहानपणीची, सायकल ओढ्यात घातली ती गोष्ट काढली. हे हसायला लागले, हसता हसता चहाचा घोट घेतला आणि व्हायचं तेच झालं. मी टेबलावरून वाकून झटकन हनुवटी पुसली, कॉलरही टिपून घेतली. इतकी सफाई, की वन्संना पत्तासुद्धा लागला नसेल. नशिबाने त्या तेवढ्यातच खिडकीबाहेर बघायला लागल्या होत्या.

मग यांना एकदम आठवलं, की गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. बघायला म्हणून खाली गेले ते वन्सं निघेपर्यंत वर आलेच नाहीत. केकचा तुकडा बशीत तसाच.

दारात वन्संनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वहिनी, जरा दादाला त्याचं त्याचं करू द्या ना."

मी म्हटलं, "करतायत की. हवा भरायला मी कुठे गेले खाली?"

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण नुसत्याच मान हलवून गेल्या. यांच्या घराण्यातच हे आहे, अर्धं बोलायचं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दुपारचा डबा आज पुन्हा जसाच्या तसा परत आला. बटाटे मी मुद्दाम मऊ उकडले होते, लहान लहान तुकडे केले होते. चमचा कागदी रुमालात गुंडाळून दिला होता, तसाच गुंडाळलेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पुन्हा काही सुरू तर झालं नाही? गिळायला त्रास होतो आणि सांगत नाहीत, असं तर नाही? दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मागच्या महिन्यातच तपासलं, सगळं उत्तम आहे, वजन तेवढं बघत जा. संध्याकाळी यांना वजनकाट्यावर उभं केलं. बिचारे मुकाट्याने उभे राहिले. वजन वाढलंय.

घरी पाखराएवढं खाणार, डबा परत आणणार आणि वजन वाढणार. आधी हायसं वाटलं. मग ते हायसं वाटणं फार टिकलं नाही.

दुकानात मालकीणबाईंना सांगितलं. त्यांना कुणाच्याही घरातलं काही सांगितलं की त्या इस्त्री बाजूला ठेवून ऐकतात. म्हणाल्या, "हवा खाऊन वजन वाढत नाही. कुणीतरी खाऊ घालतंय."

"कोण घालणार?"

"ती बँकेतली बाई तिसऱ्यांदा शिकायला आलीय म्हणालीस ना? गाडी इतकी अवघड असते होय?"

मी हसण्यावारी नेलं. घरी येईपर्यंत ते हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. आमच्या ह्यांना बँकेतल्या बाईने काय म्हणून खाऊ घालावं? पण मग कुणी घालावं?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सापडलं. म्हणजे, डाग सापडला.

यांचा निळा शर्ट धुवायला काढला आणि दुसऱ्या बटणापाशी हात थांबला. पिवळट तपकिरी बारीक थेंब, खालून वर उडालेले, कडेला तेलाचं कडं. ओघळलेलं असतं तर खाली आलं असतं. हे उडालं होतं. नाकाशी धरला. लसूण आणि काहीतरी खारट, खूप वेळ उकळलेलं. माझ्या घरात असा रस्सा होत नाही.

शर्ट सरळ दुकानात नेला. मालकीणबाईंनी चष्मा वर केला, वास घेतला आणि म्हणाल्या, "रामेन."

पलीकडच्या गल्लीत बुटांचं दुकान होतं ना, ते जाऊन तिथे नवं रेस्टॉरंट निघालंय. फक्त रामेन. मोठा वाडगाभर रस्सा, त्यात लांब लांब नूडल्स, वर अर्धं अंडं आणि मांसाचे काप. ते उघडल्यापासून आपल्याकडे अशा शर्टांची रीघ लागलीय. मला कसं लक्षात आलं नाही? तसे मी सगळेच डाग काढत होते, फक्त आपल्या घरच्या जेवणाची त्यांच्याशी सांगड घातली नव्हती. मालकीणबाई म्हणाल्या, त्या मालकाला एकदा फुलं पाठवायला हवीत, आपला धंदा वाढवलाय त्याने.

तर हे जेवतात. चांगलं भरपेट जेवतात, म्हणून तर वजन वाढलं. माझा जीव भांड्यात पडला. काउंटरवर उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोट घ्यायला आलेल्या माणसाला वाटलं त्याच्या कोटाला काही झालं.

संध्याकाळपर्यंत मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या समोर बसून घास घ्यायचा नाही आणि तिथे लोकांत बसून वाडगे रिकामे करायचे? कुणाबरोबर?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज दुपारी जाऊन बघून आले. मालकीणबाईंना सांगितलं दोरा आणते, त्या म्हणाल्या, "आण, आण, सावकाश आण."

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी समोरच उभी होती, टपावरच्या पाटीसकट. लपूनछपून जेवायचं असेल तर माणसाने टपावरची पाटी तरी काढावी. काचेला अर्ध्यापर्यंत कापडी पडदा. त्यामुळे माणसं दिसत नाहीत, खालचे पाय तेवढे दिसतात. स्टुलांची रांग आणि तेवढे बूट. यांचे बूट मी कुठेही ओळखेन, नाडी मीच बदलली होती. डावीकडचं स्टूल रिकामं, उजवीकडे कुणाचे तरी रबरी बूट, रंगाने माखलेले, पुरुषाचे.

बाई नव्हती. मी तिथेच भिंतीला टेकले.

आणि यांचा उजवा पाय ताल धरत होता. जेवण मनासारखं असलं की यांचा पाय असा हलतो, लग्न झाल्यापासून बघतेय. घरी टेबलाखाली तो कितीतरी दिवसांत हललेला नाही. आत जावं, शेजारच्या स्टुलावर बसावं असं वाटलं. पण नाही गेले. माझ्यापासून दूर येऊन एवढा सुखात बसलेला माणूस, त्याला जाऊन काय म्हणायचं?

दोरा आणायचा राहिला. मालकीणबाईंनी विचारलंही नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

हाडं आणून अर्धा दिवस उकळली. नूडल्स घातले, अंडं घातलं. घरभर वास. हे आले, पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी वाडगा टेबलावर ठेवला, फडकं घेऊन समोर बसले.

वाडगा घेऊन आत गेले.

नूडल्सचा तर गोळाच झाला होता. पण म्हणून काय?

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज सांगून टाकलं. हे गाडीच्या किल्ल्या शोधत होते, मी त्या हातात धरून उभी.

"उद्या मला त्या रामेनवाल्याकडे न्या."

यांनी आधी खिसे चाचपले. मग कानामागे खाजवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या शर्टाने."

मला वाटलं चिडतील, नाही तर कबूल करायला लागतील. हे नुसते जमिनीकडे बघत राहिले, चेहरा असा उतरला, की मलाच कसंसं झालं. मग म्हणाले, "तिथे समोरासमोर बसता येत नाही."

"चालेल."

"बरं," म्हणाले. किल्ल्या घेतल्या आणि गेले. समोरासमोर बसता येत नाही यात एवढं काय सांगण्यासारखं, मला कळलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

जाऊन आलो. सगळं लिहिते, अजून डोक्यात घोळतंय.

आत शिरलो तर आधी टेबलंच दिसेनात. एक लांबलचक ओटा, ओट्यापुढे स्टुलं, आणि दर दोन स्टुलांमध्ये डोक्याएवढी उंच लाकडी फळी. प्रत्येकाचा आपला कप्पा. समोर छोटी खिडकी, तिला पडदा. स्टुलावर बसता बसता मी म्हटलं, "अहो, जेवायला आलोय की मत द्यायला?"

हे हसले. हसताना ओठ कुठे गेला ते बघायला मी वळले, तर मध्ये फळी.

कागदावर खुणा करायच्या, नूडल्स मऊ की कडक, लसूण किती. मी सगळं मधलं मधलं निवडलं. शेजारी एक कागदी लाळेरं ठेवलेलं. मला वाटलं चुकून ठेवलं असेल, पण मागे वाकून बघितलं तर रांगेतल्या सगळ्यांच्या गळ्यात. सूट घातलेला एक गृहस्थ होता, त्याच्याही गळ्यात. मीही बांधलं. पडदा वर झाला, दोन हात आले, वाडगा ठेवला, पडदा पडला. हात कुणाचे ते दिसलंच नाही.

मी चमच्याने नूडल्स तोडून तोडून खायला लागले. तेवढ्यात पडदा पुन्हा वर झाला आणि जाड चष्म्याची स्वयंपाकीणबाई वाकून म्हणाली, "ताई, तोडू नका. ओढून घ्या. आवाज झाला तरी चालतो इथे, ओढताना गार होतं."

आणि खरंच, कान दिला तर दोन्ही बाजूंनी भुरके. मी आजवर घरात कुणाला असं खाऊ दिलं नव्हतं. एक भुरका मारून बघितला. नूडलचं शेपूट उडून चष्म्यावर आदळलं, रस्सा हनुवटीवरून लाळेऱ्यावर. पुसलं. दुसरा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्यानंतर पुसायचं सोडून दिलं. इतकं चविष्ट, की हात मोकळाच होईना.

यांची आठवण झाली. सवयीने फडकं घेऊन हात डावीकडे नेला, तो फळीवर आपटला.

"काय झालं?" पलीकडून हे.

"काही नाही. तुमचं... नीट चाललंय ना?"

"झकास." आणि असा मोठा भुरका, की मला ऐकूनच बरं वाटलं.

मग हे बोलायला लागले. फळीपलीकडून, आपणहून. ती बँकेतली बाई म्हणे रस्त्यावरच्या सावलीला घाबरून ब्रेक मारते. मागून येणारे शिव्या घालतात आणि ही त्यांनाच उतरून सॉरी म्हणायला जाते. मी हसले, ते हसले. मध्येच भुरका, मध्येच गोष्ट. हिवाळ्यापासून एवढं एकावेळी बोलले नव्हते. मी वाडग्यात बघत नुसती ऐकत होते. माझा माणूस फळीपलीकडे होता, तो हाच, पहिल्यासारखा.

धीर आला म्हणून फळीला विचारलं, "अहो, घरी का नाही हो जेवत माझ्याबरोबर?"

पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज. मग म्हणाले, "तू बघतेस."

"मग कुठे बघू?"

"कुठेही बघ. मी शिकणाऱ्यांकडे कधी बघत नाही. त्याच्या हाताकडे बघितलं ना, तर नीट चालवणाऱ्याचाही हात कापायला लागतो. मी आपला समोर रस्त्याकडे बघतो. चुकला तर चुकला, पायाखाली माझाही ब्रेक असतोच."

"मी तुमच्यासाठीच बघते."

"माहीत आहे गं. पण तू फडकं घेऊन बसलीस की मला माझं तोंडच कळेनासं होतं. वन्संसमोर तर..." पुढे बोलले नाहीत. वन्संना हे कधी वन्सं म्हणत नाहीत, माझी चेष्टा करायची असली तरच. आज चेष्टेचा सूर नव्हता, घसा खाकरत होते.

मला राग आला, खोटं कशाला लिहू. इतके महिने मी मेली खपतेय आणि मीच अडचण? वाईटही वाटलं. पण त्या दोन्हींच्या खालून काहीतरी सैल होत होतं. आजार उलटला नव्हता. कुणी बाई नव्हती. माझ्या हातचं नकोसं झालं नव्हतं. मीही नकोशी झाले नव्हते. नुसते माझे डोळे जड झाले होते यांना. तेवढंच. डोळ्यांचं काय, ते दुसरीकडे वळवता येतात.

एवढ्यात स्वयंपाकीणबाईंनी पडदा वर केला. एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघितलं. "अरे, तुम्ही एकत्र आलात का? सांगायचं नाही का? ही मधली फळी मिटता येते. मिटू?"

पलीकडचा भुरका थांबला.

मला ती फळी मिटायला हवी होती. देवाशपथ हवी होती. म्हटलं, "नको, राहू दे. आम्ही छान बसलोय."

त्या गेल्या. मग पलीकडून एक मोठा, लांबलचक भुरका आला. मी पण मारला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सोमवारी टेबल ओढून खिडकीला लावलं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला ठेवल्या. वन्संचा फोन आला, त्यांना सांगितलं उजेड बरा येतो म्हणून. यांनी टेबल बघितलं, ताट घेऊन आत गेले. मंगळवारी आत. काल आत. मी चकार शब्द काढला नाही. हे लिहून ठेवते, कारण वन्संना सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही.

आज मी खिडकीकडे तोंड करून एकटीच जेवायला बसले होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादरी काढत होती. शेजारची खुर्ची सरकली. हे ताट घेऊन बसले.

मी चादरींकडे बघत राहिले. मान इतकी ताठ धरली होती, की आखडली. कानांना मात्र कुणी फळी घातली नव्हती. घास, चमचा, पुन्हा घास. मग, "ती बाई चादर उलटी घडी घालतेय बघ."

"हो ना. कडा जुळणार नाहीत."

पुन्हा घास. मग "अरेरे" असं पुटपुटले. काहीतरी सांडलं होतं, बहुधा शर्टावर, बहुधा डावीकडे. माझा हात मांडीवर होता तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. बाईची दुसरी चादर झाली. शेजारी कागदी रुमाल फाटल्याचा आवाज आला, त्यांनी त्यांचं पुसलं.

थोड्या वेळाने म्हटलं, "भात आणखी देऊ?"

"दे. रस्सा पण."

मी खिडकीबाहेर बघत बघतच वाढला. त्यामुळे थोडा ताटात पडला आणि बराचसा टेबलावर. हे हसायला लागले, मग मीही. पुसायला कुणीच उठलं नाही, जेवत बसलो.